अपात्रांची यादी

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार असे दोन नवे जिल्हे निघाले. दिवस कृषिदिनाचा, वसंतराव नाईकांच्या जयंतीचा. नवा जिल्हा म्हणजे नवे जिल्हाधिकारी कार्यालय, नवा आवक-जावक विभाग आणि नव्या फायली, एवढाच अर्थ तेव्हा रिसोड-मानोऱ्याच्या माणसाला लागला असेल. हे दोन्ही जिल्हे पुढच्या काही वर्षांत इंटरनेटवरच्या निषेधाच्या इतिहासात येणार होते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. नंदुरबारची कथा तुलनेने परिचित आहे. 1999 च्या पावसाळ्यात धडगाव भागातल्या डोमखेडी गावात नर्मदेचे पाणी चढत होते. धरणविरोधी आंदोलकांची पत्रके ई-मेलने परदेशातल्या भारतीय स्वयंसेवकांकडे जात होती आणि तिथून जगभर फिरत होती. वाशीमची कथा अशी ठळक नाही. ती सहा जिल्ह्यांत मिळून घडली, तिचे केंद्र यवतमाळकडे होते आणि तिच्यात देखणे असे काहीच नव्हते. तरीही इंटरनेटच्या त्या काळातला महाराष्ट्रातला सर्वांत परिणामकारक निषेध कोणता, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे असे मला वाटते. तो निषेध म्हणजे एक यादी होती. मेलेल्या माणसांची.

यादीला निषेधकला म्हणणे कुणाला वावगे वाटेल, म्हणून आधी थोडे दूर मेक्सिकोत जावे लागेल. 22 डिसेंबर 1997 रोजी तिथल्या चियापास प्रांतातल्या आक्तेआल गावात निमलष्करी टोळीने 45 आदिवासींना ठार मारले. चियापासमधल्या झापातिस्ता बंडखोरांची निवेदने 1994 पासूनच ई-मेलने जगभर पोहोचत होती, त्यामुळे ही बातमीही दडली नाही. रिकार्डो डोमिंगेझ, कार्मिन करासिक, ब्रेट स्टॉलबॉम आणि स्टीफन रे या अमेरिकेतल्या चौघांनी 'इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर' नावाचा गट काढला आणि एप्रिल 1998 मध्ये 'फ्लडनेट' हे साधन वापरात आणले. ते उघडून ठेवले की हजारो संगणक एकाच वेळी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळाकडे पुन्हापुन्हा पाने मागत राहत. संकेतस्थळ मंद पडावे हा एक हेतू होताच, पण खरी गंमत मागणीत होती. जे पान मागायचे त्याचे नाव म्हणून आक्तेआलच्या मृतांची नावे घालता येत. असे पान नसल्यामुळे सर्व्हर 'सापडले नाही' असे उत्तर देई आणि त्याच वेळी, यंत्राच्या स्वभावानुसार, कोणते पान सापडले नाही याची नोंद आपल्या वहीत करी. ज्यांच्या मृत्यूची दखल सरकार घेत नव्हते, त्यांची नावे सरकारच्याच वहीत उतरत होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'मिल्वर्म' या किशोरवयीन पोरांच्या टोळीने अणुचाचण्यांचा निषेध म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये घुसून संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र चिकटवले. त्याची बातमी फार मोठी झाली. पण ते चित्र पुसले गेले आणि विषय संपला. फ्लडनेटची कल्पना अधिक खोल होती, कारण तिने हात घातला तो सत्तेच्या नोंदवहीत. नोंद कुणाची होते आणि कुणाची होत नाही, हा प्रश्न विदर्भात काही वर्षांनी वेगळ्या रूपात उभा राहिला.

तो का उभा राहिला हे समजायला कापसाकडे वळावे लागते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हा पट्टा मुख्यतः कोरडवाहू आहे. 1972 पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात गैरव्यवहार भरपूर होता, चुकारे रखडत, तरी माल घेणारा कुणीतरी आहे एवढा भरवसा होता. शतक बदलता बदलता ती योजना मोडकळीला आली. जागतिक बाजारात अमेरिकी अनुदानांमुळे भाव दबलेले होते, आणि मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर बियाण्याचा खर्च एकदम चढला. बीटीमुळेच सगळे झाले असे म्हणणारे आणि बीटीचा काडीचाही संबंध नाही असे म्हणणारे दोघेही मला एकांगी वाटतात. पाऊस दगा देईल अशा जमिनीत महाग बियाणे पेरणे म्हणजे जुगाराची बोली वाढवणे, एवढे मात्र दोघांनाही मान्य व्हावे. 2004 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने कापसाला क्विंटलमागे 2,700 रुपयांचे आश्वासन दिले आणि 2005 च्या हंगामात, भाव वाढणे दूरच, आधीपासून मिळणारा 500 रुपयांचा आगाऊ बोनसही काढून घेतला गेला. सहकारी बँका कर्ज द्यायच्या अवस्थेत नव्हत्या. कृषिसेवा केंद्राचा मालकच बियाणे उधार देई, व्याज लावी आणि शेवटी कापूसही तोच घेई.

अशा वेळी आधीच्या पिढीने काय केले असते हे सांगायला नको. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लाल बिल्ले लावलेली लाखो माणसे रस्त्यावर आणली होती. वाशीमच्या शेजारी हिंगोली भागातल्या सुरेगावात 10 डिसेंबर 1986 रोजी कापूस आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी गेले. त्याच वर्षी 19 मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. राज्यातली पहिली गाजलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. एका वर्षातल्या या दोन घटना पुढच्या काळाची फोड करून सांगतात. नव्या शतकात गर्दी आटली, संघटना फुटल्या, त्यांचे नेते संसदेत किंवा एकमेकांविरुद्ध गेले. माणसे मात्र एकेकटी मरत राहिली. एकट्या मरणाला मोर्चा नसतो. त्याची बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी त्या पानात भजी बांधली जातात. सामूहिक कृतीची जागा रिकामी झाली होती, आणि ती भरायला यादी आली.

त्याआधी सरकारची यादी आली होती. जालन्याच्या सेंद्रिय शेतीवाल्या संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला पाहणी करायला लावली आणि तिचा अहवाल मार्च 2005 मध्ये सादर झाला. डिसेंबर 2005 मध्ये शासनाने मदतीचा निर्णय काढला. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये मिळणार होते, त्यांतले तीस हजार लगेच आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. पण कुणाला? इथून कागदांचा प्रवास सुरू होतो. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला, तहसीलदारांचा अहवाल. हे सारे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ठेवायचे. नापिकी होती का, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, असे प्रश्न विचारायचे आणि शेवटी शेरा मारायचा, पात्र किंवा अपात्र. शेती बापाच्या नावावर आणि कसणारा मुलगा मेला तर अडचण. जमीन मक्त्याने केली असेल तर अडचण. बाई शेतात राबत होती, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, म्हणजे ती शेतकरी नव्हेच. कर्ज कृषिसेवा केंद्राचे किंवा बिनपरवाना सावकाराचे, म्हणजे कर्ज नव्हेच. अमरावती विभागात 2001 पासून नोंदलेल्या प्रकरणांतली निम्म्याच्या आसपास प्रकरणे अशी अपात्र ठरत आली. मेक्सिकोच्या सर्व्हरचे 'सापडले नाही' आणि वाशीमच्या फायलीवरचे 'अपात्र' यांत तत्त्वतः फरक नाही. मात्र मेक्सिकोतले उत्तर यंत्राचे होते आणि इथले उत्तर सहीशिक्क्यासह टपालाने घरी यायचे.

या यादीला उत्तर देणारी दुसरी यादी विदर्भ जनआंदोलन समितीची. तिचे प्रमुख किशोर तिवारी पांढरकवडा आणि नागपूर इथून काम करत. 2005 च्या सुमारास त्यांची ई-मेल पत्रके मुंबई-दिल्लीच्या आणि परदेशी बातमीदारांकडे जवळजवळ रोज जाऊ लागली. त्यांचे रूप बघण्यासारखे होते, म्हणजे अजिबात बघण्यासारखे नव्हते. साधा मजकूर, बहुतांशी इंग्रजीत, घाईचा, व्याकरणाची फारशी पत्रास न ठेवणारा. वर एक ठणकावणारा मथळा, खाली मृताचे नाव, गाव, तालुका-जिल्हा, आणि शेवटी वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज. इंग्रजीचे एक कारण वाचक परप्रांतातले होते हे, आणि दुसरे निव्वळ तांत्रिक. त्या काळी मराठी वृत्तपत्रांचे आणि छापखान्यांचे फाँट वेगवेगळे असत. एका संगणकावर टाइप केलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची रांगोळी दिसे. म्हणून मानोरा, मंगरूळपीर, कारंजा ही नावे रोमन अक्षरांत जात, आणि एकाच गावाचे स्पेलिंग दोन पत्रकांत दोन प्रकारचे असे. या साऱ्या कुरूपतेमुळेच पत्रकाला वजन आले असे मला वाटते. त्यात रडणारा चेहरा नव्हता, कविता नव्हती, आवाहनही फार नव्हते. फक्त काल हे होते, आज हे आहेत. सरकारची समिती महिना-महिना बसत नसे, ही बेरीज मात्र दररोज पुढे सरके. ज्या मृत्यूवर अजून 'अपात्र'चा शेरा पडायचा होता, तो लंडनच्या वृत्तसंस्थेच्या संगणकात आधीच नोंदला गेलेला असे. फ्लडनेटवाल्यांनी कला म्हणून जे केले, ते इथे गरज म्हणून झाले.

चित्रमय निषेधही होता, आणि तो गावांनी स्वतः उभा केला. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने अख्खे गाव विकायला काढल्याचा फलक लावला. अमरावती जिल्ह्यातल्या शिवणी रसुलापूरच्या शेतकऱ्यांनी 2006 च्या आरंभी मूत्रपिंड विक्री केंद्र उघडले आणि उद्घाटनाला राष्ट्रपती-पंतप्रधानांना बोलावणे धाडले. याला कुणी प्रसिद्धीचा सोस म्हटले. पण या कृतीतला बारकावा पाहा. गावकऱ्यांनी बाजाराचीच भाषा बोलून दाखवली. तुम्ही म्हणता सगळे बाजार ठरवील, तर हा घ्या आमचा माल, आता भाव बोला. कुठल्या कलामहाविद्यालयात न शिकता केलेली ही उपरोधाची मांडणी होती. तिची छायाचित्रे ई-मेलने आणि वृत्तसंस्थांच्या तारेने गेली, म्हणून ती गावाच्या वेशीबाहेर पोहोचली. मात्र फलकाला एकदाच बातमीमूल्य असते. दुसऱ्या गावाने तोच फलक लावला की ती पुनरावृत्ती होते आणि तिसऱ्याची दखलही कुणी घेत नाही. यादीचे उलट आहे, तिची ताकदच पुनरावृत्तीत आहे.

30 जून 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि 1 जुलैला, पुन्हा कृषिदिनीच, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातले 2,177 कोटी सिंचनासाठी आणि 712 कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी होते. वाशीम त्या सहांत होता. अमरावतीत वसंतराव नाईक यांच्या नावाचे शेती स्वावलंबन मिशन काम करू लागले आणि आत्महत्यांचे आकडे सरकारी संकेतस्थळावर दिसू लागले. माझ्या मते यादीचा सर्वांत मोठा विजय हाच. पैशांचे काय झाले हा वेगळा आणि कष्टी विषय आहे. पण जी संख्या विधानसभेत एक, न्यायालयात दुसरी आणि केंद्राच्या आयोगापुढे तिसरी सांगितली जात होती, ती एका ठिकाणी, सर्वांना दिसेल अशी मांडणे शासनाला भाग पडले. अर्थात शासनही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. तक्त्याला रकाने वाढले. एकूण आत्महत्या, त्यांतल्या शेतकऱ्यांच्या, त्यांतल्या शेतीच्या कारणाने झालेल्या, त्यांतल्या पात्र, आणि प्रत्येक रकान्यात आकडा घटत गेला. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चाळणीकडे वाचकांचे लक्ष वेधले. एका यादीला उत्तर म्हणून दुसरी यादी, अशी ती झुंज होती.

यावर पहिला आक्षेप असा की श्रेय इंटरनेटचे नाही, वृत्तपत्रांचे आहे. यात बरेच तथ्य आहे. अकोल्याच्या 'देशोन्नती'ने आणि तालुक्या-तालुक्यातल्या वार्ताहरांनी हे मृत्यू आधी छापले. जनआंदोलन समितीच्या यादीचा कच्चा माल बहुधा याच बातम्यांतून आणि गावकऱ्यांच्या फोनवरून येई. साईनाथ आणि जयदीप हर्डीकर यांच्यासारख्यांनी पायपीट करून लिहिले. पण मराठी वृत्तपत्राची बातमी त्या तालुक्याच्या आवृत्तीत जन्मून तिथेच मरे, आणि बाहेरच्या माध्यमांना विदर्भ दिसत नव्हता. 2006 मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकसाठी 512 पत्रकारांनी नोंदणी केली होती, तिथे मॉडेल सुती कपडे मिरवत होत्या, आणि तो कापूस पिकवणारे विमानाने तासाभराच्या अंतरावर मरत होते. तिकडे फिरकलेले बाहेरचे बातमीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे साईनाथांनीच दाखवून दिले. त्या 512 जणांच्या टेबलापर्यंत वाशीमच्या चार ओळी नेण्याचे काम फुकटच्या ई-मेलने केले. बातमी वार्ताहराची होती, तिला तालुक्याबाहेर काढणारी वाट नवी होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. समितीने खेड्यातला कोणताही अकाली मृत्यू उचलून बेरजेत टाकला, घरगुती भांडण, व्यसन, आजार काही पाहिले नाही, असे अधिकारी म्हणत. एकेका प्रकरणात ते खरेही असेल, कारण रोज पाठवायच्या पत्रकात शहानिशेला वेळ नसतो. पण मोठ्या चित्राला त्याने बाध येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलीस ठाण्यांतून आलेले आकडे देतो, त्याला समितीशी देणेघेणे नाही. त्याच्या हिशेबाने 2006 या एका वर्षात महाराष्ट्रात 4,453 आणि देशात 17,060 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. मद्रासच्या के. नागराज यांनी या आकडेवारीचा अभ्यास करून महाराष्ट्राची स्थिती सर्वांत वाईट असल्याचे दाखवले. शिवाय व्यसन आणि कर्ज, आजार आणि नापिकी यांना वेगळे करता येते हे गृहीतच तपासायला हवे. पोरीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज कापसाच्या पैशांतून फिटणार असते. कापूस बुडाला तर मृत्यूचे कारण लग्न की कापूस? फॉर्मवर एकच खूण करायला जागा असते, म्हणून कारण एकच होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्यांची नावे यादीत होती, त्यांच्या घरी ती यादी कुणी वाचली? वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या किंवा मानोऱ्याच्या विधवेला आपल्या नवऱ्याचे नाव इंग्रजी पत्रकातून परदेशात गेले याचा पत्ताही नसेल. निषेध तिच्या नावाने झाला, तिच्या हातून नाही. हे मान्य करावेच लागते, आणि यादीच्या पुढच्या दुखण्याचे मूळही इथेच आहे. पत्रकार पुढे आकडाच मागू लागले. आज किती? दोन असले तर बातमी नाही, आठ असले तर आहे. भाव, पतपुरवठा, आयात धोरण हे विषय आकड्याच्या मागे गेले आणि चर्चा मदतीच्या रकमेवर आणि माफीवर येऊन थांबली. 29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात साठ हजार कोटींची कर्जमाफी आली. तिची पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर होती. पाच-सहा एकरांपेक्षा जास्त कोरडवाहू जमीन असलेला पण ओलिताच्या एकरभराइतकेही न पिकवणारा वाशीमचा शेतकरी तिच्या बाहेर राहिला. नंतर पॅकेजच्या जिल्ह्यांत मोठ्या खातेदारांना कर्जाच्या 25 टक्के किंवा वीस हजार, यांतली मोठी रक्कम सूट म्हणून देऊ केली गेली, ती उरलेले कर्ज भरण्याच्या अटीवर. ते भरता येत असते तर प्रश्नच नव्हता. या सवलतीमागे विदर्भाच्या ओरडीचा वाटा नक्की होता, आणि पात्रतेची चौकट शाबूत ठेवूनच ती मिळाली हेही तितकेच नक्की.

2015 मध्ये राज्य सरकारने किशोर तिवारींनाच मिशनच्या अध्यक्षपदी नेमले. बाहेरून मोजणारा माणूस आत गेला. याला कुणी तडजोड म्हणेल, कुणी यश. माझ्या मते जी चळवळ शासनाच्या मोजणीला दुरुस्त करण्यासाठी उभी राहिली, तिचा हा ओघानेच आलेला टप्पा होता. मोजणी सुधारता येते, पण मोजणीच्या वहीतून कापसाचा भाव ठरत नाही. 19 मार्च 2017 पासून अंबाजोगाईच्या अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने निराळी वाट धरली. करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी एक दिवस अन्नत्याग करायचा आणि मागणी मदतीची नव्हे, तर जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे शेतकऱ्याला जखडणारे कायदे रद्द करण्याची ठेवायची. निरोप देवनागरीत, मोबाइलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण तोपर्यंत युनिकोडने फाँटचा घोळ मिटवला होता आणि फोन बांधापर्यंत पोहोचला होता. शेतकऱ्यांची शहरात गेलेली पोरे त्यात उतरली. तिसऱ्या आक्षेपाला हे बरेच उत्तर आहे, कारण निरोप आता ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता येतो. पण अन्नत्यागाला उत्तर द्यायला कोणतेही कार्यालय बांधील नाही. यादीतल्या प्रत्येक नावावर मात्र कुणाला तरी पात्र-अपात्रचा शेरा मारून सही करावी लागत होती, आणि ती सही चुकीची आहे असे नाव घेऊन म्हणता येत होते.